माणसं हवीत, पण कुणाची नकोत

आमच्या पेणमध्ये मॉडेल म्हणजे मातीचा पहिला गणपती. त्याच्यावरून साचा काढायचा आणि मग साच्यातून त्याची भावंडं. मी गणपतीच्या कारखान्यातच लहानाचा मोठा झालो. त्यामुळे चित्रकाराला समोर बसवायला जिवंत माणूस लागतो आणि त्यालाही मॉडेलच म्हणतात, हे मला मिसरूड फुटल्यावर कळलं. मुंबईच्या कलाशाळेत शिकलेला एक पाहुणा आला होता, त्यानं सांगितलं. त्यांच्याकडे म्हणे एक माणूस तासन्‌तास स्टुलावर बसून राहतो, हलत नाही, बोलत नाही, आणि तीच त्याची नोकरी. मी घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग त्यात काय, तुझा काका आहे की आपल्याकडे."

काकाला बसवून पाहिलं. तो पाच मिनिटांत घोरायला लागला आणि मान छातीवर पडली. माझं मॉडेलवरचं शिक्षण तिथं सुरू झालं आणि तिथंच संपलं.

संपादकांनी 'तुमचा कलाप्रवास लिहा' असं कळवलं आहे. प्रवास म्हणावा असा माझा प्रवास पेणहून रोह्याला आणि रोह्याहून पेणला, मांडीवर रंगांचा डबा घेऊन एसटीच्या मागच्या सीटवर झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण देवळांचे सभामंडप, मंगल कार्यालयांच्या भिंती, लोकांच्या वाडवडिलांच्या मोठ्या तसबिरी, अशी माणसांनी भरलेली चित्रं मी जन्मभर काढली आणि त्यातल्या एकाही माणसाला समोर बसवलं नाही. ते कसं केलं, एवढं मला सांगता येईल.

लोक म्हणतात, आता मोबाईल आहे, फोटो काढायचा आणि त्यावरून चित्र काढायचं. काढून बघा. फोटो म्हटलं की आपला माणूस ताठ होतो, पोट आत घेतो आणि श्वास धरतो. भात झोडणाऱ्या बाईचा फोटो मागा, ती आधी आत जाऊन चांगली साडी नेसून येते. आणि बायकांना 'जरा अशा उभ्या राहा' म्हणायची सोयच नव्हती. मी पेणचा पेंटर, परका माणूस; एकदा एका पाणवठ्यावर वही काढली तर तिथल्या म्हातारीनं मला कळशी उगारून रस्त्यापर्यंत पोचवलं होतं.

म्हणून मी बाहुले करायला लागलो. कारखान्यात शाडू हाताशी होताच. आधी तारेचा सांगाडा, त्यावर सुतळी गुंडाळायची म्हणजे माती धरते, मग शाडूचं अंग. हातभर उंचीचा माणूस तयार झाला की जुन्या मलमलीचा तुकडा पातळ शाडूत बुडवून त्याला धोतर नेसवायचं. वाळल्यावर चुण्या जशाच्या तशा राहतात. मग भिंतीवर जिकडून उजेड येतो, तिकडून टेबललॅम्प लावायचा आणि बाहुल्यांची जागा बदलत बसायचं. हा जरा पुढे, तो मागे, याची सावली त्याच्या पायावर. जमलं की कागदावर उतरवायचं, कागदावर चौकटी आखायच्या, भिंतीवर तेवढ्याच, पण मोठ्या चौकटी आखायच्या आणि कोळशानं मोठं करायचं. बाहुला हलत नाही, चहा मागत नाही, त्याला नातेवाईक नसतात.

त्याच्यात खोट एकच. त्याला वजन कळत नाही. बाहुल्याच्या डोक्यावर मातीचा हंडा ठेवला तरी त्याची मान हंडा नसल्यासारखीच राहते. वजन पाहायचं तर जिवंत माणसातच पाहावं लागतं आणि ते चोरावं लागतं. थकवा मी रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीच्या बसस्टॉपवर चोरला. शिफ्ट सुटल्यावर कंपनीची माणसं खांबाला टेकून उभी असतात, अंगातली सगळी हाडं जरा सैल केल्यासारखी. तालुक्यातल्या निदान तीन देवळांत द्वारकेला पोचलेला जो सुदामा आहे, तो मुळात केमिकल प्लांटचा ऑपरेटर आहे. ओझं मी आमच्या रामवाडीत सिलिंडर पोचवणाऱ्या माणसाकडून घेतलं. सिलिंडर खांद्यावर असताना मी त्याला एकदा "जरा थांब रे तिथंच" म्हणालो होतो. तो जे बोलला, ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

हात मात्र सगळे माझ्या बायकोचे. शेवटी हात म्हणजे घरचीच वस्तू. रोह्याजवळच्या वरसे गावातल्या एका मंगल कार्यालयात मी हळदीचं चित्र काढलं होतं, नवरीभोवती चार सवाष्णी. मालक खूश झाले. उद्‌घाटनाच्या दिवशी मालकीणबाई जवळ जाऊन बघून आल्या आणि म्हणाल्या, "पेंटर, या चौघी एकाच तव्यावर भाजल्या का हो?" बघतो तर काय, हिच्या मनगटावर तव्याचा डाग आहे, तो मी सवयीनं चौघींच्याही मनगटावर काढून ठेवला होता. हिला सांगितलं तर ही दोन दिवस हसत होती. तो डाग मी पुसला नाही, मालकीणबाईंनीच पुसू दिला नाही.

चेहऱ्यांचं माझं अवघडच. माझा हात घडला गणपतीचे डोळे आखण्यात. त्यामुळे सुरुवातीला माझ्या चित्रातल्या हरेक माणसाचे डोळे लांबट आणि शांत यायचे. शेतकरी असो की मावळा असो. हिनं एकदा चित्र बघून सांगितलं, "सगळे सोंडेची वाट बघतायत." तेव्हापासून मी पुरुषांना फेटे बांधून कपाळावर सावली पाडायला लागलो.

आता रोह्याचे वकीलसाहेब. त्यांना त्यांच्या कैलासवासी वडिलांचं घोड्यावर बसलेलं चित्र हवं होतं. चेहऱ्याला फोटो होता. घोड्यालाही फोटो होता, पेणच्या वरातीतल्या घोडीचा. पण बसलेलं अंग? वडील जन्मात घोड्यावर बसले नव्हते. मी कारखान्यातल्या सुताराच्या बाकड्यावर आरसा समोर ठेवून स्वतःच बसलो, लगाम म्हणून सुतळी धरली, आणि ते अंग काढलं. चित्र लावल्यावर मला स्वतःलाच खटकायला लागलं. घोड्यावरचा माणूस असा बसत नाही, गुडघे फार पुढे आले होते. तेवढ्यात वकीलसाहेबांच्या आईंना धरून आणलं. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगदी बरोबर हाय. फटफटीवर असेच बसायचे." वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. चित्र अजून दिवाणखान्यात आहे.

अशा गमतीजमती पुष्कळ. पण एकदा मात्र माझे हातपाय गळाले होते, ते सांगायला बसलो आहे.

रोह्याच्या पुढे एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथं मला अजून जेवायला बोलावतात. भातशेतीचं गाव, आता निम्मी तरुण मंडळी धाटावला कंपनीत. तिथल्या ग्रामदेवाचा सभामंडप नवा बांधला होता आणि दर्शनी भिंतीवर पालखीचं चित्र हवं होतं. देवस्थान कमिटीचे अध्यक्ष म्हणजे गावचे मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, स्वच्छ पांढऱ्या लेंग्या-सदऱ्यातले. त्यांनी मला बाजूला घेऊन काम समजावलं.

"पालखी देवळातून बाहेर पडतेय, असं काढा. खांदेकरी काढा, वाजंत्री काढा, बायका काढा. माणसं हवीत. पण कुणाची नकोत."

"म्हणजे?"

"म्हणजे बघणाऱ्याला वाटता कामा नये की हा अमका आणि तो तमका. विशेषतः पुढचा उजवा खांदा."

मग त्यांनी सांगितलं. गावात दोन आळ्या, वरची आणि खालची. पालखीच्या पुढच्या उजव्या खांद्याचा मान कुणाचा, यावरून एका चैत्रात देवळाच्या दारातच झोंबाझोंबी झाली. पालखी कलली, देवाचा मुखवटा तिरका झाला. त्यानंतर कितीतरी वर्षं पालखी निघालीच नाही. देव आत आणि गाव बाहेर. शेवटी मास्तरांनीच उंबरे झिजवून तोड काढली: एक वर्ष वरची आळी, एक वर्ष खालची. तेव्हापासून पालखी निघते आहे.

"दरवर्षी खांदा बदलता येतो हो," मास्तर म्हणाले, "भिंत कशी बदलणार? म्हणून तुमच्याकडे आलो. तुम्ही म्हणे माणसं न बघता माणसं काढता."

जन्मभर जी माझी उणीव होती, तीच या कामाची पात्रता ठरली. मला जरा मिजासच आली.

तरीही चार माणसं एका दांड्याखाली कशी चालतात, हे एकदा डोळ्यांनी पाहावं असं मला वाटलं. पालखी चैत्रात, आणि आम्ही होतो थंडीच्या दिवसांत. गावातल्या पोरांकडे व्हिडिओ होते, पण त्यात गुलाल, छत्री आणि लोकांची डोकी. खांदेकरी गर्दीत बुडालेले. कमिटीतल्या एकानं मोबाईलला सांगून तयार चित्र काढून आणलं, तर त्यानं पालखीत नवरी बसवली होती. मी मास्तरांना म्हटलं, चार जण द्या आणि एक बांबू द्या. चार तरणेबांड आले, बांबू खांद्यावर घेतला आणि अंगणात उभे राहिले. मी वही उघडतोय तोच समोरच्या घरातून आवाज आला.

"अरे ए मेल्यांनो! खाली ठेवा तो! रिकामा दांडा खांद्यावर घेतात काय? कोन गेलंय कोनाच्या घरात?"

ही ठमाबाई. खालच्या आळीची विधवा म्हातारी, देवळाचं अंगण रोज तीच झाडायची. हातात केरसुणी तशीच होती. पोरांनी बांबू असा टाकला की माझ्या पायावरच पडायचा. मग माझ्याही लक्षात आलं की आपल्याकडे चार माणसं रिकामा बांबू खांद्यावर घेतात ते कधी घेतात. म्हटलं, खरी पालखीच उचलून दाखवा. मास्तरांनी जीभ चावली. देव आत नसताना पालखी खांद्यावर घ्यायची नसते, ती माळ्यावरून खाली उतरवतातच मुळी चैत्रातल्या त्या दिवशी. ठमाबाई केरसुणी आपटत मला म्हणाली, "तुमी पेनचे ना? तिकडं देव इकत मिलतो, म्हनून रीत ठाव नसंल."

मी पेणला परत आलो आणि बाहुल्यांना हात घातला. चार खांदेकरी केले. पुढच्या उजव्याला वजन दिलं ते सिलिंडरवाल्याचं: एक खांदा खाली, मान पलीकडे, कमरेत बाक. पाय माझेच, आरशात बघून. चेहरा फेट्याच्या सावलीत, म्हणजे कुणाचाच नाही. त्याचा मोकळा डावा हात मी पुढे झुलता ठेवला होता, पण शाडू वाळताना तो हात सारखा खांद्यापासून गळून पडायचा. दोनदा चिकटवला, दोनदा पडला. मातीकामात अशा वेळी एकच उपाय असतो, अवयव अंगाला चिकटवून टाकायचा. मी तो हात पाठीमागे वळवला आणि पंजा कमरेच्या शेल्यात खोचून दिला. हात टिकला. शिवाय तो फार छान दिसायला लागला, वजन पेलताना माणूस काहीतरी घट्ट धरतो तसा. मी स्वतःवरच खूश झालो.

तेच चित्र कोळशानं भिंतीवर चढवलं. संपल्यावर परांचीवरून उतरून मागे सरकून बघत होतो, तर दामू आला. वरच्या आळीचा दामू, धाटावला फोरमन, मोठ्यानं बोलणारा, रोज शिफ्टवरून येताना "काय पेंटर, आज कोन जल्मला?" असं विचारून जाणारा. त्या दिवशी तो काही बोलला नाही. भिंतीसमोर उभा राहिला, हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं आणि निघून गेला. थोड्या वेळानं आळीतली चौघं घेऊन परत आला.

"पेंटर, ह्यो हिराजी तुमाला कोनी काढायला सांगितला?"

"कोण हिराजी?"

"आमाला खुलं समजू नका. त्यो हात बगा."

मास्तर धावत आले. त्यांनी भिंत पाहिली आणि त्यांचा चेहरा माझ्या प्रायमरसारखा पांढरा पडला. मला हाताला धरून ते बाहेर घेऊन गेले आणि जे मला आधी सांगायचं त्यांनी टाळलं होतं, ते सांगितलं.

झोंबाझोंबी झाली त्या चैत्रात पुढच्या उजव्या खांद्यावर खालच्या आळीचा हिराजी होता. बरीच वर्षं तोच असायचा. कंपनीत अपघात होऊन त्याचा डावा हात अधू झाला होता, तो हात मागे घेऊन कमरेच्या शेल्यात खोचायचा आणि एका हातानं दांडा धरायचा. वरच्या आळीच्या पोरांनी त्याच्या खांद्यावरून दांडा ओढला, पालखी कलली, आणि बोल हिराजीलाच लागला की लुळ्या हाताचा माणूस पुढे गेलाच कशाला. तो पुन्हा देवळाच्या पायरीवर आला नाही. काही वर्षांनी गेला. तोड निघाली तेव्हा एक गोष्ट दोन्ही आळ्यांनी न बोलता ठरवली होती की त्याचं नाव काढायचं नाही. मास्तरांनीही ते म्हणूनच मला सांगितलं नव्हतं.

"आणि ठमाबाई त्याची बायको," मास्तर म्हणाले.

मी म्हटलं, फडकं आणतो आणि आत्ता पुसतो. कोळसाच आहे, एका हातानं जाईल. मास्तर म्हणाले, "आता नाही पुसता येणार. बघा तिकडे." देवळाच्या दुसऱ्या दाराशी खालची आळी जमली होती. त्यांच्यातला एक जण म्हणत होता, "देवानंच काढून घेतला त्याला. आता पुसून तर दाखवा." इकडे दामू म्हणत होता, हा माणूस भिंतीवर राहिला तर आमची आळी पालखीला खांदा देणार नाही. खालची आळी म्हणत होती, पुसला तर आम्ही देणार नाही. आणि चैत्र जवळ आला होता.

पुढच्या रविवारी सकाळी गावाची बैठक ठरली, कारण त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी. मधले दिवस मी पेणला काढले. ते कसे काढले ते हिला विचारा. लोकांच्या भिंतींवर मी जन्मभर काय काय काढलं, कुणाला आवडलं, कुणाला नाही. पण माझ्या हातून एका गावाचा देव घरात बसणार, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना. आणि तोही कशानं, तर मातीचा हात टिकत नव्हता म्हणून.

रविवारी मी तो बाहुला पिशवीत घालून घेऊन गेलो. सभामंडप भरला होता. एका बाजूला वरची आळी, एका बाजूला खालची, मध्ये मास्तर, आणि मागे भिंतीवर तो. मी बाहुला काढला आणि सगळं खरं खरं सांगितलं. हा सिलिंडरवाल्याचा खांदा, हे माझे पाय, आणि हा हात गळत होता म्हणून चिकटवला. ही बघा चीर. बाहुला हातोहात फिरला. काही जण हसले, पण लगेच गप्प झाले.

दामू म्हणाला, "मातीला बरा हिराजीचाच हात सुचला." त्याच्या आवाजात राग होता, पण त्याहून जास्त भीती होती, हे मला त्या वेळी जाणवलं. पालखी ओढणाऱ्या पोरांत तोही होता, असं मला नंतर कळलं.

मग कुणीतरी म्हणालं, "ठमाकाकीला इचारा."

तोवर तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. ती दाराजवळच्या खांबापाशी बसली होती. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. लोक बाजूला सरले. ती भिंतीजवळ गेली, मान वर करून बराच वेळ बघत राहिली. मग मागे वळली, माझ्या हातातून बाहुला घेतला, उलटापालटा केला आणि त्याच्या पाठीवरच्या हातावरून बोट फिरवलं.

"नाय," ती म्हणाली. "ह्ये आमचं मानूस नाय."

"काकी, नीट बगा," खालच्या आळीतला एक जण म्हणाला.

"मला नको शिकवू रे! जल्म काढला मी त्यांच्यासंगं का तू काढलास? त्यांचा खांदा असा नव्हता. ह्यो बगा कसा वाकलाय." तिनं बाहुला माझ्या हातात कोंबला. "ह्यो कोनतरी पेनचा हाय."

पहिल्यांदा दामू हसला. मग सगळा सभामंडप हसला. पेणचा म्हटल्यावर वाद मिटलाच, पेणच्या माणसाला ना वरची आळी ना खालची. आणि खुद्द बायको नाही म्हणते, तिथं दुसरा कोण बोलणार? मास्तरांनी लगेच नारळ मागवला, हे असं काही असलं की ते फार चपळ होतात. मी देवळामागच्या नळावर जाऊन डोकंच नळाखाली धरलं. इतकं हलकं मला माझ्या पोरीचं लग्न पार पडल्यावरही वाटलं नव्हतं.

मग मी चित्र रंगवून पुरं केलं. ठमाबाई रोज अंगण झाडायची आणि मला टोमणे मारायची, वाजंत्र्याचे गाल फुगवलेले नाहीत, बायकांच्या साड्या लग्नातल्यासारख्या आहेत. खांदेकऱ्यांविषयी ती चकार शब्द बोलली नाही. मीही विचारलं नाही. खरं सांगायचं तर सुटलो याच आनंदात मी होतो, दुसरं काही डोक्यात आलंच नाही.

चैत्रात आम्हां दोघांना पालखीचं आमंत्रण होतं. त्या वर्षी पाळी वरच्या आळीची. पुढच्या उजव्या खांद्यावर दामू, फेटा बांधलेला, डोळे खाली. ढोल वाजले, पालखी उचलली गेली आणि देव दारातून बाहेर आला. एवढ्या चित्रांनंतर मी खरे खांदेकरी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहत होतो. आणि पाहताक्षणी कळलं की माझ्या भिंतीवरचे गुडघे चुकले आहेत. ते लोक वाकून चालत नाहीत, ते पाय घासत, एकमेकांचा श्वास धरून चालतात. आरशासमोर एकटा उभा राहणाऱ्याला ते कुठून कळणार? जन्मात एकदा तरी चार माणसं समोर उभी करायला मिळायला हवी होती, असं फार वाटलं. पण ते दुःख गुलालात फार टिकलं नाही. पालखी निघाली होती, दोन्ही आळ्या तिच्यामागे चालल्या होत्या, आणि ही मला म्हणत होती, "आता तरी तोंड उघडा, किती दिवस दात आवळून बसलाय."

ही बायकांबरोबर पुढे गेली. माझी चप्पल देवळात राहिली होती म्हणून मी मागे फिरलो. सभामंडप रिकामा होता. फक्त ठमाबाई होती, भिंतीला टेकून बसलेली, बरोबर पुढच्या खांदेकऱ्याच्या पायाशी. नवं लुगडं नेसली होती.

"काकी, तुम्ही नाही आलात पालखीला?"

"गुडघं चालत नायत." मग म्हणाली, "पेंटर, हात बरोबर काढलात तुमी. पालखी घेताना थरथरायचा ना, म्हनून मागं खोचायचं."

"पण काकी, तुम्ही तर त्या दिवशी..."

"मग काय म्हनू? व्हय म्हनले असते तर आज देव आतच बसला असता. आपल्यापायी देव घरात बसला, हेच तर त्यांना सोसवलं नाय. त्यातच गेले ते."

मी हातातली चप्पल खाली ठेवली. बैठकीच्या दिवशी नळाखाली डोकं धरून मी सुटकेचा श्वास टाकत होतो, तेव्हा ही बाई गावासमोर आपल्या नवऱ्याला नाही म्हणून घरी एकटी गेली होती. मला तेव्हा ते कळायला हवं होतं. मी तिच्या पायांना हात लावायला वाकलो, तर तिनं मला हातानंच बाजूला केलं. ढोलांचा आवाज आता वेशीकडून येत होता.

"जावा तुमी, पालखी लांब गेली," ती म्हणाली. "मी हाय इथं ह्यांच्याजवल."